तीन ‘लाइफ’ आणि अमर नायक

वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी मेघेची ओळख सांगताना आधी एक खुलासा करावा लागतो. सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे ती ही नव्हे. बोरगाव मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी, म्हसाळा अशा वस्त्यांनी वर्ध्याभोवती जो वेढा घातला आहे, त्यातले हे एक गाव. २०११ च्या जनगणनेने त्याला शहर मानले. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. वावरांचे ले-आऊट झाले, ले-आऊटमध्ये घरे उठली आणि त्या घरांत सेवाग्राम-सावंगीच्या रुग्णालयांत, महाविद्यालयांत व वर्ध्याच्या सरकारी कचेऱ्यांत नोकरीस असलेल्यांचे संसार मांडले गेले. अशा घरांत १९९० च्या दशकात जी मुले वाढली ती आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. त्यातली बरीच पुण्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत नोकरी करतात आणि दिवाळीला गावी येतात. जमलेल्या मित्रांत शेतीच्या भावाचा आणि फ्लॅटच्या हप्त्याचा विषय संपला, की हमखास दोन तक्रारी निघतात. पहिली, आपल्या लहानपणी होते तसे खेळ आता राहिले नाहीत. दुसरी, सुपरहिरोंच्या चित्रपटांत आता काही राम उरलेला नाही.

पहिल्या तक्रारीची संभावना स्मरणरंजन म्हणून केली जाते. दुसरीचे खापर वाढत्या वयावर फुटते. दोन्ही खुलासे अगदीच चूक नाहीत. परंतु या दोन तक्रारी वेगळ्या नसून मुळात एकच आहे आणि तिच्यात तथ्य आहे. ते काय, हे पाहण्यासाठी त्या काळातील खेळ कसे होते आणि कसे खेळले जात, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. मूळ यंत्र आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आल्या त्या त्याच्या नकला. ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या. घरोघरी त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि त्यात खुपसायच्या प्लास्टिकच्या डबीला ‘कॅसेट’. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात त्यात डझनभर खेळ आणि बाकी त्यांचीच नावे बदलून केलेली पुनरावृत्ती. पहिल्या पिढीच्या ग्राहकाला मिळालेला जाहिरातशास्त्राचा हा पहिला धडा. कॅसेट चालली नाही तर तोंडाशी धरून तीत फुंकर मारायची, हा विधी सिंदी मेघेपासून न्यूयॉर्कपर्यंत सर्वत्र सारखाच होता, ही बाब मोठी मौजेची. फुंकरीने काही होत नसे. उलट तोंडातील दमटपणाने धातूच्या पट्ट्या खराब होत. कॅसेट चालू व्हायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. पण श्रेय फुंकरीला मिळे.

विदर्भात या खेळाचा हंगाम उन्हाळ्याचा. नवतपाच्या दिवसांत दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य, त्यामुळे गल्लीतील पाच-सहा पोरे ज्याच्या घरी टीव्ही गेम असेल त्याच्याकडे कूलरसमोर बसलेली. यंत्राला कळफलक दोन, त्यामुळे खेळणारे दोघे आणि उरलेले सगळे सल्लागार. बसलेल्यांचा नंबर खेळणाऱ्याची ‘लाइफ’ गेल्यावर. ‘मारिओ’मध्ये सुरुवातीला लाइफ तीन, ‘कॉन्ट्रा’मध्येही तीनच. त्या संपल्या की खेळ पहिल्यापासून. मधल्या टप्प्यावर खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. त्यात विजेचा भरवसा नाही. राज्यभर जाणारी वीज कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरला तयार व्हायची आणि अंधार विदर्भातील गावांत पडायचा, हे दुखणे जुनेच. २००५ नंतरच्या भारनियमनात ते पराकोटीला गेले इतकेच. आठव्या जगापर्यंत पोहोचलेला मारिओ वीज जाताच नाहीसा होई आणि वीज परतल्यावर पहिल्या जगाच्या पहिल्या पायरीवर उभा राही. त्याबद्दल दाद मागावी असे कोणी नव्हते. मुले पुन्हा सुरुवात करीत.

संगणक आला तो आधी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि मग नागपूरहून सुटे भाग जोडून आणलेल्या ‘असेम्बल्ड’ रूपात घरी. फ्लॉपीवरून ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ हे दोन खेळ हातोहात पसरले. ‘डेंजरस डेव्ह’ हा जॉन रोमेरो या अमेरिकी प्रोग्रामरने १९८८ मध्ये लिहिलेला लहानसा खेळ. अवघे दहा टप्पे, आणि प्रत्येकात चषक उचलल्याखेरीज दार उघडत नसे. त्याच्या मायदेशी त्याची आठवण अभ्यासकांपुरती उरली असेल, पण भारतातील संगणक प्रयोगशाळांत एका अख्ख्या पिढीने तो पाठ केला. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यांत, पुढे मोठ्या खेड्यांतही त्याचे वर्ग निघाले. तेथे शिकायला आलेल्यांनी माऊस हातात धरला तो बऱ्याचदा ‘सॉलिटेअर’चे पत्ते उचलण्यासाठी. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून वर्गात आलेल्या चाळिशीच्या कारकुनालाही पत्त्यांच्या त्या खेळाने संगणकाची भीती घालवायला मदत केली.

हे सगळे खेळ आज बालिश दिसतात. चौकोनी ठिपक्यांची माणसे, चार-पाच रंग, एकसुरी संगीत. तरीही ते मनात इतके घट्ट का बसले, याचे एक उत्तर त्यांच्या घडणीत आहे. १९८५ चा संपूर्ण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज मोबाइलवर येणारे एखादे शुभेच्छापत्र त्याहून जड असते. जागा वाचवण्यासाठी त्यातील ढग आणि झुडपे एकाच आकृतीची केली, फक्त रंग बदलला. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने येतात, खेळाचा सगळा थरार त्यात आहे. मूळ कारण मात्र यंत्राची दुबळी शक्ती. पडद्यावर आकृत्या कमी झाल्या की यंत्राचे ओझे हलके होई आणि वेग आपोआप वाढे. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी हा दोष काढून टाकला नाही, तोच खेळाचा प्राण झाला. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट संगणकावर गिरवली. म्हणून तो राजपुत्र धडपडला की खेळणाऱ्याच्या पोटात कालवते. त्याला बारा टप्पे पार करायला साठ मिनिटे मिळत. घड्याळ थांबत नसे.

थोडक्यात, या खेळांत हरणे खरे होते. चूक कोणाची, यावर वाद नव्हता आणि तिची किंमत तेथल्या तेथे चुकती करावी लागे. ‘तू तिथे उगाच उडी मारलीस’ असे शेजारचा सांगे आणि ते बरोबर असे.

येथे स्मरणरंजनाला थोडा लगाम घालायला हवा. तीन लाइफचा नियम कोणी तत्त्वज्ञाने मुलांच्या चारित्र्यसंवर्धनासाठी घातलेला नव्हता. तो पार्लरमधल्या नाण्याचा हिशेब होता. खेळणारा लवकर हरला पाहिजे, म्हणजे पुढचे नाणे पडेल आणि मागचा गिऱ्हाईक खोळंबणार नाही. यंत्रे मुद्दाम अवघड केलेली असत. टीव्हीवरच्या खेळांनी हा अवघडपणा वारशाने घेतला, कारण थोड्याशा जागेत बसवलेला खेळ फार लवकर संपू नये ही त्यांचीही गरज होती. आज ज्या कठोरपणाचे गोडवे गायले जातात तो मुळात बाजाराचा होता.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. हे स्मरणरंजन जवळजवळ संपूर्णपणे मुलग्यांचे आहे. बसस्थानकाजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आणि पुढे तासावर पैसे घेणाऱ्या सायबर कॅफेत, जेथे ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’ चाले, तेथे मुली दिसत नसत. घरात टीव्ही गेम भावाच्या नावाचा. बहिणीचा नंबर लागायचा तो दुसऱ्या कळफलकावरचा जोडीदार घरी गेल्यावर. एमएस-सीआयटीच्या वर्गाने मुलींना संगणक दिला, खेळाची दुपार दिली नाही. ‘आमच्या लहानपणी सगळे एकत्र खेळायचे’ या वाक्यातील ‘सगळे’ किती अपुरे आहे, हे दिवाळीच्या बैठकीत त्याच बहिणीला विचारता येईल.

आणि नियम मोडायची वाटही त्या काळी होती. ‘कॉन्ट्रा’ सुरू होताना बाणाच्या व अन्य कळा एका ठरावीक क्रमाने दाबल्या की तीनऐवजी तीस लाइफ मिळत. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरची. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ या खेळाची चाचणी करताना तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही चोरवाट ठेवली आणि ती काढायची राहून गेली. इंटरनेट नसताना हा मंत्र विदर्भातल्या पोरांपर्यंत तोंडोतोंडी पोहोचला. परंतु तीस म्हणजेही तीसच. त्याही संपत. शिवाय ज्याने तीनमध्ये खेळ संपवला त्याचा मान गल्लीत वेगळा असे.

आता दुसरी तक्रार.

या पिढीचा पहिला देशी सुपरहिरो ‘शक्तिमान’. १९९७ मध्ये तो दूरदर्शनवर आला तेव्हा त्याच्या गिरक्यांनी घराघरांतली पोरे भोवळ येईपर्यंत फिरली. २००२ मध्ये सॅम रायमी यांचा ‘स्पायडर-मॅन’ आला, हिंदीत बोलणारा. इंग्रजी चित्रपट जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला तो अशा अनुवादांमुळे. २००७ मधील त्याचा तिसरा भाग तर भोजपुरीतही निघाला, मराठीत नाही. मराठी प्रेक्षकाला हिंदी कळते या गृहीतकाची किंमत मराठी नेहमीच मोजत आली आहे. पुढे २००८ मध्ये एकाच वर्षी ‘आयर्न मॅन’ आणि ‘द डार्क नाइट’ आले. पहिल्याने अकरा वर्षे चालणारी मालिका सुरू केली, दुसऱ्याने या प्रकारात गंभीर चित्रपटही होऊ शकतो हे दाखवले. मालिकेचा कळस म्हणजे एप्रिल २०१९ मधील ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’. त्याने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले आणि भारतात हिंदी चित्रपटांनाही हेवा वाटावा असा गल्ला गोळा केला. त्यात आयर्न मॅन मरतो. चित्रपटगृहांत माणसे रडली. ते रडणे खोटे नव्हते.

परंतु त्यानंतर जे झाले त्याने त्या अश्रूंचे मोल उतरवले. ‘मल्टिव्हर्स’ म्हणजे एकाच वेळी अस्तित्वात असणारी असंख्य विश्वे, ही कल्पना हाती लागल्यापासून या चित्रपटांत मरणाला काही अर्थच उरला नाही. एका विश्वात गेला तर दुसऱ्या विश्वातून आणू! २०१७ च्या ‘लोगन’मध्ये व्होल्व्हरिनला अत्यंत सन्मानाने मूठमाती देण्यात आली होती. २०२४ मध्ये तो ‘डेडपूल अँड व्होल्व्हरिन’मध्ये परतला, चित्रपटाची सुरुवातच ती कबर उकरण्यापासून होते आणि प्रेक्षक खळखळून हसतात. त्याच वर्षीच्या जुलैत जाहीर झाले, की आयर्न मॅन साकारणारे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर पुन्हा त्याच मालिकेत येणार, फक्त या वेळी खलनायक होऊन. पात्र मेले तरी चेहरा विकाऊ आहे, हे इतक्या उघडपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ मध्ये या चित्रपटांची तुलना जत्रेतल्या पाळण्यांच्या बागेशी केली आणि त्यांना सिनेमा म्हणायला नकार दिला, तेव्हा मोठा गदारोळ उठला. त्यांच्यावर वृद्धत्वाचा आणि उच्चभ्रूपणाचा आरोप झाला. पण पुढे लिहिलेल्या लेखात त्यांनी नेमका मुद्दा मांडला होता, की या चित्रपटांत कशालाच खरा धोका नसतो. दिवाळीच्या बैठकीतला सिंदी मेघेचा इंजिनीअर ‘आता मजा नाही’ म्हणतो, तेव्हा तो स्कॉर्सेसी यांचाच मुद्दा मांडत असतो. ज्याने लहानपणी तीन लाइफमध्ये मारिओ खेळला, त्याला असंख्य लाइफ असलेला नायक कसा चालावा?

यावर कोणी म्हणेल, मेलेला परत येणे ही कथांची जुनीच खोड आहे. ते खरेच. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये तो पृथ्वीला उलटे फिरवून काळ मागे नेतो आणि मेलेल्या प्रेयसीला वाचवतो. आपल्याकडे सावित्रीने यमाच्या दारातून सत्यवान परत आणला. पण तिला यमामागे चालावे लागले, त्याला शब्दात पकडावे लागले, आणि ते एकदाच झाले. अभिमन्यू परत आला नाही, म्हणूनच चक्रव्यूह हा शब्द अजून मराठीत जिवंत आहे. हुतूतूतही बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. पण त्याच्या बाजूच्या कोणीतरी समोरचा गडी मारल्यावरच. पुनरागमनाला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती फुकटच्या पुनरागमनाला.

या बाबतीत मराठी वाचकाचा एक जुना परिचित आठवतो. १९६४ मध्ये टाइम्स समूहाची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाली आणि ली फॉक यांचा ‘फॅन्टम’ मराठीत ‘वेताळ’ म्हणून आला. जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो, चारशे वर्षांचा वाटतो. वाचकाला मात्र पहिल्यापासून ठाऊक असते, की असे एकवीस वेताळ झाले. बाप मेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि मुखवटा चढवतो. अमरत्वाचा तो देखावा जपण्यासाठी प्रत्येक पिढीत एक माणूस खरोखर मरतो. सिंदी मेघेतील आजच्या चाळिशीतल्यांच्या वडिलांनी रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या ठेल्यावर हे अंक घेतलेले असतील. त्यांच्याही आधीच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा ‘काळा पहाड’ वाचला. मुखवट्याचा शौक आपल्याला हॉलिवूडने लावलेला नाही. अलीकडे, २०१५ मध्ये, निखिल महाजन यांनी ‘बाजी’तून मराठी सुपरहिरो उभा करण्याचा प्रयत्न केला. त्याला पुढची परंपरा लाभली नाही, ही खंत आहे.

सगळेच सुपरहिरोपट सारखे नाहीत, हेही सांगायला हवे. जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अ‍ॅनिमेशनपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यात अखेर मराठी होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून झालेली ‘मुंबॅटन’ नगरी आहे आणि तेथला स्पायडर-मॅन आहे पवित्र प्रभाकर. हे पात्र मूळचे २००४ मधील ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या कॉमिकमधले, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेले. गंमत अशी, की याही चित्रपटात असंख्य विश्वे आहेत. पण तेथे वाद नेमका आपल्याच मुद्द्यावर आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात एक मरण अटळ असते, ते टाळले तर त्याचे विश्व विस्कटते, असा नियम. मुंबॅटनमध्ये एका पोलीस इन्स्पेक्टरला मरायचे असते. कोवळा नायक माइल्स त्याला वाचवतो आणि लगेच ते शहर खचू लागते. मरणाची किंमत मोजावी की नियम मोडावा, हा प्रश्न चित्रपट गांभीर्याने विचारतो. मल्टिव्हर्सचा विषय असूनही तो पोकळ वाटत नाही, याचे कारण हे.

त्याच २०२३ या वर्षात बाजाराने आपला कौल दिला. ‘द फ्लॅश’ आपटला. ‘द मार्व्हल्स’ने त्या मालिकेतील नीचांकी गल्ला नोंदवला. आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’वरचा अ‍ॅनिमेशनपट सुमारे १३६ कोटी डॉलर कमावून त्या वर्षीच्या प्रत्येक सुपरहिरोपटाच्या पुढे गेला. १९९३ मध्ये याच मारिओवर काढलेला चित्रपट सपशेल पडला होता. पण तेव्हा मारिओ खेळणारी पोरे पोरेच होती. तीस वर्षांनी ती कमावती झाली आणि आपल्या पोरांना घेऊन तिकीट खिडकीवर आली. म्हणजे सुपरहिरोंचा साठा विटल्यावर उद्योगाने पुढची खाण शोधली ती याच पिढीच्या उन्हाळी दुपारींत. शाहरुख खान यांच्या २०११ च्या ‘रा.वन’मध्ये गेममधला खलनायक पडदा फोडून घरात शिरतो. तो चित्रपट बेतास बात होता, पण दृष्टांत बरा होता.

यात कोणाचे काय बिघडले, असे विचारता येईल. चाळिशीच्या माणसांनी आठवणी विकत घ्याव्यात, त्यांचा पैसा आहे. बिघडते ते त्यांच्या मुलांचे, आणि ते चित्रपटगृहात नव्हे, हातातल्या मोबाइलवर.

२०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळ फुकट झाले. फुकट खेळाचा हिशेब मात्र पार्लरच्या नाण्यापेक्षा फार हुशार आहे. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’मध्ये लाइफ पाच. त्या संपल्या की अर्ध्या तासाला एक परत येते. तोवर थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे भरा. पार्लरमध्ये नाणे संपले की मूल घरी जाई. येथे हरण्याचा क्षण हाच दुकान उघडण्याचा क्षण. कौशल्याने जे मिळायचे ते थांबण्याच्या त्रासातून सुटण्यासाठी विकत घ्यायचे. पुढे गूढ पेट्या आल्या, पैसे भरल्यावर आत काय निघेल हे न सांगणाऱ्या. बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगार ठरवले. आणि आपल्याकडे तर रमी व काल्पनिक क्रिकेट संघांचे सरळ पैशांचे डाव घराघरांत शिरले. त्यांच्या जाहिराती क्रिकेटपटूंनी केल्या. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाइलवरील पत्त्यांच्या डावाची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा त्यांनी केला. त्यांचे कृषी खाते गेले आणि मिळाले ते क्रीडा खाते. विनोद कोणी जाणूनबुजून केला असेल असे नाही.

त्यानंतर महिन्याभरात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या आर्थिक व्यवहारांवर बंदी आली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच. कर्जात बुडालेल्या कुटुंबांचा विचार करता हे पाऊल आवश्यक होते. परंतु कायद्याने पैशांचा डाव आणि ‘सामाजिक’ खेळ यांत जी रेघ ओढली, तिच्या सुरक्षित बाजूला लाइफ विकणारे बहुतेक खेळ आरामात उभे आहेत. त्यात जिंकण्याची रक्कम नाही, म्हणून तो जुगार नाही. मुलाच्या हातून पैसे गेले तर ती ‘खरेदी’. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पब्जी’वर बंदी आली तीही चिनी संबंध आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने; मुलांच्या वेळेचा त्यात प्रश्न नव्हता. पुढच्याच वर्षी तो खेळ नाव बदलून परत आला. मल्टिव्हर्स म्हणतात तो हाच.

बंदीने जे होत नाही ते कदाचित निर्मितीने होईल. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या लहान चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी, दोरीवर कसरती करणाऱ्या कुटुंबातली मुलगी त्याची नायिका. तो एकदा विकत घ्यायचा आणि संपवायचा. वाटेत लाइफ विकणारे दुकान नाही. त्याला जगभरातून दाद मिळाली. पण सगळा बाजार फुकट खेळांच्या बाजूने झुकलेला असताना अशा चमूंनी पुढचा खेळ कोणत्या बळावर काढावा? सरकारी धोरणांत ‘गेमिंग हब’चे शब्द असतात ते रोजगाराच्या आकड्यांसाठी. खेळ कसा असावा, यावर चकार शब्द नाही. ज्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातांनी काम करीत शिकण्याची ‘नयी तालीम’ मांडली गेली, त्याच्या सीमेवरच्या गावात तरी हा प्रश्न परका वाटू नये. गांधीजींनी व्हिडिओ गेमला चरख्याशेजारी जागा दिली नसती, हे उघडच आहे. पण चूक केली की सूत तुटते, ते पुन्हा जोडावे लागते आणि जोडता जोडता हात सुधारतो, ही त्या चरख्याची रीत टीव्ही गेमवर बसलेल्या पोरांना आपसूक कळली असती.

दिवाळीच्या सुटीत सिंदी मेघेच्या अनेक घरांत आता एक नवाच प्रसंग पाहायला मिळतो. पुण्याहून आलेला बाप मुलाच्या मोबाइलवर जुने खेळ चालवणारे अ‍ॅप उतरवून घेतो आणि मोठ्या कौतुकाने ‘कॉन्ट्रा’ सुरू करून देतो. मुलगा दोन-तीनदा मरतो. मग त्याला पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण सापडते. ते दाबले की खेळ आहे त्या क्षणी जपून ठेवता येतो आणि नायक मेला की तेथूनच पुन्हा सुरू करता येतो, हवे तितक्या वेळा. जे संपवायला बापाला दोन उन्हाळे लागले होते, ते मुलगा जेवणाआधी संपवतो आणि विचारतो, यात कठीण काय होते?